ज्यांना शहरात मामा नव्हता : बेंगळुरूतील उच्च शिक्षणाची वाटचाल

मराठी माध्यमाच्या शाळेतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला मोठा प्रश्न उभा राहतो तो बहुधा अभ्यासाचा नसतो. कोणत्या शहरात जायचे, तेथे उतरायचे कोणाकडे, दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था काय आणि फी कोण भरणार, या प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच त्याने मिळवलेल्या गुणांना अर्थ येतो. सुस्थितीतील घरांत ही उत्तरे विचारण्यापूर्वीच तयार असतात. गरिबाघरी मात्र त्यांच्या शोधातच कित्येकांचे शिक्षण थांबते.

या प्रश्नांचा इतिहास पाहायचा तर बेंगळुरूइतके बोलके शहर दुसरे क्वचितच सापडेल. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहराशी मराठी माणसाचा संबंध आहे. आज तर महाराष्ट्रातील आणि सीमाभागातील असंख्य तरुण शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी तेथे जातात. संगणक कंपन्यांचे शहर म्हणून ते त्यांना माहीत असते. परंतु त्या कंपन्या येण्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकापासून, गरीब घरचा मुलगा महाविद्यालयाच्या वर्गात कसा पोहोचावा यावर तेथे प्रयोग झाले, वाद झाले, कायदे झाले आणि न्यायालयीन लढाया झाल्या. त्या साऱ्यांचा मागोवा घेतला तर एक सूत्र स्पष्ट दिसते.

सेंट्रल कॉलेज आणि पुण्याची वाट

बेंगळुरूतील आधुनिक उच्च शिक्षणाचा आरंभ १८५८ साली स्थापन झालेल्या हायस्कुलापासून धरला जातो. १८७५ मध्ये त्याचेच सेंट्रल कॉलेज झाले. ते मद्रास विद्यापीठाला जोडलेले होते. याच महाविद्यालयात चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावचा एक विद्यार्थी शिकत होता. त्याच्या वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले होते आणि घरची स्थिती बेताची होती. तो विद्यार्थी म्हणजे पुढे भारतरत्न झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

बेंगळुरूत त्यांचे मामा राहत होते. त्यांच्या आधारामुळे त्यांना शहरात येता आले. पुढे कोडगू प्रांतातील एका सुखवस्तू कुटुंबातील मुलांना शिकवण्याचे काम त्यांनी पत्करले. त्यातून राहण्याची आणि खर्चाची सोय झाली. अशा रीतीने ते बी. ए. झाले. अभियंता होण्याची इच्छा होती, पण त्यासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये जाणे भाग होते आणि तो खर्च मामांच्याही आवाक्याबाहेरचा होता. या वेळी म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीने मार्ग मोकळा केला. १८८१ मध्येच इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार वडियार घराण्याकडे परत दिला होता. नव्या राजवटीच्या पहिल्या वर्षांत दिलेली ही शिष्यवृत्ती किती फलदायी ठरली, हे पुढच्या इतिहासाने दाखवून दिले.

१८८३ साली विश्वेश्वरय्या पुण्याच्या अंतिम परीक्षेत पहिले आले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि ते नाशिकला रुजू झाले. खडकवासला धरणावरील त्यांचे स्वयंचलित दरवाजे महाराष्ट्राला परिचित आहेत. एका पिढीत, किंबहुना एका दशकात, निर्धन घरातील मुलगा इलाख्याच्या प्रतिष्ठित अधिकाऱ्यांत जाऊन बसला. शिक्षणाने माणसाची आर्थिक स्थिती कशी पालटते, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागू नये.

ही कथा शाळाशाळांतून बुद्धी आणि परिश्रम यांचा महिमा म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यातील इतर तीन गोष्टी सांगायच्या राहून जातात. या विद्यार्थ्याला शहरात मामा होता. लिहिण्यावाचण्याची परंपरा असलेल्या घरातून तो आल्यामुळे दुसऱ्याच्या घरी शिकवणीसाठी त्याला सहज प्रवेश मिळाला. आणि नेमक्या वेळी सरकारी शिष्यवृत्ती हाती आली. त्याच तालुक्यात तितक्याच कुशाग्र बुद्धीचा, पण शहरात कोणीही नातलग नसलेला शेतकऱ्याचा वा विणकराचा मुलगा असेल, तर त्याची वाट वेशीपाशीच संपत होती. पुढील शंभर-सव्वाशे वर्षांचा बेंगळुरूच्या उच्च शिक्षणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्या दुसऱ्या मुलाचा इतिहास आहे.

वार, माधुकरी आणि वसतिगृह

शहरात नातलग नसलेल्या विद्यार्थ्याने काय करायचे, याचे एक जुने उत्तर महाराष्ट्रात प्रचलित होते. आठवड्याचे सात वार सात घरी लावून जेवायचे, अथवा माधुकरी मागायची. पुण्यात शिकून मोठ्या झालेल्या अनेकांनी असे दिवस काढले. ही सोय अपमान गिळायला लावणारी असली तरी ती होती. मात्र ती ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच होती. वार मागण्यासाठी कुणाच्या ओसरीवर जाता येईल, हे जातीने आधीच ठरवून टाकले होते. अस्पृश्य गणल्या गेलेल्या मुलाला ओसरीच काय, गल्लीही मोकळी नव्हती. म्हैसूर संस्थानातील सामाजिक परिस्थिती यापेक्षा फार निराळी नव्हती.

ही अडचण ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि त्यामागोमाग निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच निर्माण केली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. योगायोग असा की त्याच वर्षांत म्हैसूर संस्थानातही हीच हालचाल सुरू होती. १९०३ मध्ये गुब्बी तोटदप्पा या व्यापाऱ्याने बेंगळुरूच्या रेल्वे स्थानकाजवळ धर्मशाळा बांधली. त्याच्या धर्मादाय निधीतून पुढे गावाकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य वसतिगृहही चालू लागले. १९०५ मध्ये म्हैसूर लिंगायत एज्युकेशन फंड असोसिएशन आणि १९०६ मध्ये बेंगळुरूत वक्कलिगर संघ स्थापन झाला. शेती करणाऱ्या समाजातील मुलांना शिष्यवृत्ती आणि राहण्याची जागा मिळवून देणे हे या संस्थांच्या प्रमुख कार्यांपैकी एक होते.

पुढे सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ पासून सर्व जातींच्या मुलांना एकाच छपराखाली, एकाच पंगतीत बसवले. बेंगळुरूतील बहुतेक वसतिगृहे ज्या त्या समाजाची होती, साताऱ्याचे सर्वांचे होते. हा फरक लहान नाही. तरीही दोन्ही ठिकाणच्या कार्यामागील जाणीव एकच होती. शाळा-महाविद्यालयाचे दार कागदोपत्री सर्वांना खुले असले, तरी रात्री पाठ टेकायला जागा आणि सकाळी ताटात भाकरी असल्याशिवाय त्या दारातून कोणी आत जाऊ शकत नाही.

दिवाणांचा राजीनामा

१९१२ साली विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले. नाल्वडी कृष्णराज वडियार या दूरदृष्टीच्या महाराजांचा त्यांना पूर्ण पाठिंबा होता. १९१३ मध्ये निवडक भागांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. जुलै १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. संस्थानी मुलखातील ते पहिले विद्यापीठ होय. बेंगळुरूचे सेंट्रल कॉलेज या विद्यापीठात आले आणि मद्रासचे परीक्षकत्व संपले. १९१७ मध्ये बेंगळुरूत सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. ज्या शिक्षणासाठी विश्वेश्वरय्यांना पुणे गाठावे लागले होते, ते आता म्हैसूरच्या मुलाला आपल्याच संस्थानात मिळू लागले. शिष्यवृत्तीचे ऋण फेडण्याची ही रीत थोर म्हटली पाहिजे.

परंतु नवे विद्यापीठ निघाले तरी त्यात प्रवेश कोण घेणार होते? संस्थानच्या लोकसंख्येत ब्राह्मणांचे प्रमाण फार थोडे होते. उच्च शिक्षणात आणि वरिष्ठ सरकारी जागांवर मात्र त्यांचेच प्राबल्य होते. ब्राह्मणेतर समाजांच्या पुढाऱ्यांनी ही विषमता महाराजांपुढे मांडली. १९१८ मध्ये महाराजांनी संस्थानचे मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९१९ च्या अहवालात तिने अशी शिफारस केली की, सात वर्षांच्या आत वरिष्ठ पदांपैकी निदान निम्मी आणि कनिष्ठ पदांपैकी दोनतृतीयांश पदे मागास समाजांतील पात्र उमेदवारांना मिळावीत. त्यांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे वाढवावीत असेही सुचवले. १९२१ मध्ये सरकारने या शिफारशींच्या आधारे हुकूम काढला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. त्याच वाटेवर आता म्हैसूरने पाऊल टाकले.

विश्वेश्वरय्यांना हे धोरण मान्य नव्हते. शिक्षणाचा प्रसार वेगाने करावा, म्हणजे मागे राहिलेले समाज आपल्या गुणवत्तेच्या बळावर वर येतील. नेमणुकांत गुणवत्तेखेरीज दुसरा निकष आणल्यास कारभाराचा आणि उद्योगांचा दर्जा खालावेल, अशी त्यांची धारणा होती. १९१८ च्या अखेरीस ते दिवाणपदावरून दूर झाले.

हा वाद दोन प्रामाणिक पक्षांमधील होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. स्वतः गरिबीतून वर आलेल्या माणसाला गुणवत्तेवर विश्वास वाटणे स्वाभाविक होते, कारण तिनेच त्याला तारले होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, गुणवत्ता दिसून येण्यासाठी आधी वर्गात बसायला मिळावे लागते; ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ते मिळालेच नाही त्यांची गुणवत्ता मोजणार कशी? एका शतकानंतर मागे वळून पाहता असे दिसते की, विश्वेश्वरय्यांनी उभारलेली विद्यापीठे आणि महाविद्यालये नसती तर राखीव जागांना अर्थ उरला नसता. आणि मिलर समितीचा मार्ग नसता तर ती महाविद्यालये बराच काळ मोजक्या घरांचीच राहिली असती. दिवाण आणि समिती यांचे मतभेद झाले, तरी इतिहासाने दोघांचे काम एकमेकांत गुंफले.

विश्वेश्वरय्यांनी पुढेही शिक्षणाचा ध्यास सोडला नाही. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याच्या कामाबद्दल देऊ केलेले मानधन त्यांनी स्वतःसाठी न घेता बेंगळुरूत व्यवसायशिक्षणाची संस्था काढण्यासाठी वळवले. १९४३ मध्ये ती सुरू झाली आणि तिला त्यांनी स्वतःचे नव्हे, तर महाराजांचे नाव दिले.

अन्न, अक्षर, आश्रय

गरिबी हा महाविद्यालयाच्या दारावरील सर्वांत मोठा अडसर असला, तरी तो एकमेव नव्हता. १९३३ मध्ये मुंबईची पदवीधर कमला भागवत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागण्यास गेली. जमशेटजी टाटांच्या संकल्पातून १९०९ साली अस्तित्वात आलेल्या या संस्थेशी तिच्या घराण्याचा जुना संबंध होता. वडील आणि काका दोघेही तेथे शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. तरीही संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तिला प्रथम नकार दिला. तिने सत्याग्रहाचा मार्ग धरला, तेव्हा एक वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला. तिच्या कामामुळे पुढे तेथील दार इतर मुलींनाही उघडले. हीच विद्यार्थिनी केंब्रिजची पीएच. डी. मिळवून डॉ. कमला सोहोनी म्हणून विख्यात झाली. शहरात आपले माणूस असूनही दार बंद राहू शकते, हे या प्रसंगाने दाखवले. ज्या मुलीकडे ना पैसा ना घरचे पाठबळ, तिच्यापुढे अडसर किती असतील याची यावरून कल्पना करता येते.

त्याच दशकात, १९३५ साली, गौरीबिदनूर तालुक्यातील होसूर गावचा एक मुलगा पुढील शिक्षणासाठी बेंगळुरूला पायी चालत आला. प्रवासाला पैसे नव्हते. बसवनगुडीच्या नॅशनल हायस्कुलात त्याला प्रवेश मिळाला आणि राहण्या-जेवण्याची सोय गरीब विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाली. हा मुलगा म्हणजे होसूर नरसिंहय्या, कर्नाटकाचे ‘एच. एन.’. सेंट्रल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत असताना १९४२ च्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला. त्यातील काही काळ पुण्याच्या येरवडा कारागृहातही काढला. पुढे ते नॅशनल कॉलेजात अध्यापक झाले, अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाची पीएच. डी. घेऊन परतले, त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि नंतर बेंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू. मात्र त्यांनी घर बांधले नाही. नॅशनल कॉलेजच्या वसतिगृहातील एका साध्या खोलीत ते २००५ साली निधन होईपर्यंत राहिले. १९६५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने बागेपल्लीसारख्या दुष्काळी तालुक्याच्या गावी महाविद्यालय निघाले. मुलांना शहरापर्यंत चालत यावे लागू नये म्हणून महाविद्यालयच त्यांच्यापर्यंत नेण्याचा तो प्रयत्न होता. ‘होराटद हादी’, म्हणजे संघर्षाची वाट, हे त्यांच्या कन्नड आत्मचरित्राचे नाव आहे.

बेंगळुरूपासून सत्तर किलोमीटरवर तुमकुरूला सिद्धगंगा मठ आहे. तेथील शिवकुमार स्वामी हेही सेंट्रल कॉलेजचे विद्यार्थी. १९३० मध्ये मठाच्या उत्तराधिकाराची जबाबदारी आल्यामुळे त्यांचे पदवीचे शिक्षण अपुरे राहिले. पण त्यानंतरच्या जवळजवळ नव्वद वर्षांत त्यांनी जातीधर्माचा विचार न करता हजारो मुलांना मठात ठेवून शिकवले. २०१९ साली वयाच्या १११ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा मठात सुमारे दहा हजार मुले राहत होती. या कार्याला कन्नडात ‘त्रिविध दासोह’ म्हणतात : अन्न, अक्षर आणि आश्रय. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. अन्न आधी येते, मग अक्षर. महाविद्यालयीन शिक्षणाच्या प्रश्नाचे इतके नेमके विवेचन कोणत्याही अहवालात सापडणे अवघड आहे.

बाराशे रुपयांची रेघ

स्वातंत्र्यानंतर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षण हे मध्यमवर्गात जाण्याचे राजमार्ग ठरले. साहजिकच त्या जागांवरील दाव्यांचा प्रश्न न्यायालयात गेला. जुलै १९६२ मध्ये म्हैसूर राज्याने या महाविद्यालयांतील एकूण ६८ टक्के जागा राखीव केल्या. एम. आर. बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी हा आदेश रद्द केला. केवळ जात हा मागासलेपणाचा एकमेव निकष असू शकत नाही आणि राखीव जागा सामान्यतः निम्म्यांहून कमी असाव्यात, असे न्यायालयाने सांगितले. देशभर आज ज्या ५० टक्क्यांच्या मर्यादेची चर्चा होते, तिचे मूळ बेंगळुरूच्या सचिवालयातून निघालेल्या या आदेशात आहे.

त्यानंतर राज्याने नवा निकष शोधला. जुलै १९६३ च्या आदेशानुसार ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १२०० रुपये किंवा त्याहून कमी आहे आणि जे शेती, किरकोळ व्यापार, कनिष्ठ नोकरी, कारागिरी किंवा अंगमेहनतीचा व्यवसाय करते, त्याला मागास धरून ३० टक्के जागा देण्यात आल्या. आर. चित्रलेखा खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निकष ग्राह्य मानला. महाराष्ट्रातील वाचकाला बाराशेचा हा आकडा ओळखीचा वाटेल. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत १९५९ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी फी-माफी, म्हणजे सर्वपरिचित ‘ई. बी. सी.’ सवलत, सुरू झाली. तिची उत्पन्नमर्यादा आरंभी ९०० रुपये होती, ती पुढे १२०० झाली. तहसीलदाराच्या कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणण्यासाठी घातलेल्या खेपा महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीला आठवतात. त्या दाखल्याच्या जोरावर शेतमजुरांची आणि गिरणी कामगारांची मुले महाविद्यालयात गेली.

फी माफ झाली तरी खर्च संपत नाही, हेही त्याच काळात दिसले. एका हायस्कूल शिक्षकाच्या मुलाला आय. आय. टी.त प्रवेश मिळाला होता, पण तेथे राहण्याचा खर्च वडिलांच्या पगारात बसेना. त्याने म्हैसूरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंगमध्ये पदवी घेतली आणि मग पदव्युत्तर शिक्षणासाठी कानपूरची आय. आय. टी. गाठली. तो विद्यार्थी म्हणजे नागवार नारायण मूर्ती. त्यांनी सहकाऱ्यांसह १९८१ मध्ये पुण्यात स्थापलेली इन्फोसिस १९८३ मध्ये बेंगळुरूला आली. घराजवळ परवडणारे चांगले महाविद्यालय असणे किती मोलाचे, हे या उदाहरणावरून समजते.

विकत मिळणारी जागा

खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांची परंपराही बेंगळुरूतच सुरू झाली. १९४६ साली निघालेले बी. एम. एस. अभियांत्रिकी महाविद्यालय हे देशातील पहिले खासगी अभियांत्रिकी महाविद्यालय मानले जाते. उद्योगपती आणि शिक्षणप्रेमी यांच्या देणग्यांतून निघालेल्या अशा संस्थांनी सरकारी महाविद्यालयांत न मावणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांची सोय केली. परंतु मागणी वाढत गेली तसे देणगीचे तोंड फिरले. पूर्वी श्रीमंत लोक संस्थेला देणगी देत. आता प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याकडून ती घेतली जाऊ लागली. ‘कॅपिटेशन फी’ हा शब्द घरोघरी पोहोचला. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालये निघाली, तेव्हा मराठी पालकांनाही त्याचा परिचय झाला.

१९८४ साली कर्नाटकाने कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा केला. तरीही १९८९ च्या सरकारी अधिसूचनेनुसार खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत सरकारी जागेसाठी वार्षिक २,००० रुपये, राज्यातील इतर विद्यार्थ्यांसाठी २५,००० आणि परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी ६०,००० रुपये असे तीन दर होते. त्याविरुद्ध दाखल झालेल्या मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९२ मध्ये कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात न्यायालयाने योजना घालून दिली : खासगी व्यावसायिक महाविद्यालयांतील निम्म्या जागा गुणानुक्रमे, सरकारी फीवर भरायच्या, आणि उरलेल्या जास्त फीच्या जागाही गुणवत्ता पाहूनच द्यायच्या.

या निर्णयाच्या अंमलबजावणीसाठी १९९४ पासून कर्नाटकात सामायिक प्रवेश परीक्षा, अर्थात सी. ई. टी., सुरू झाली. तिचे महत्त्व परीक्षेपेक्षाही तिच्या यादीत होते. कोणत्या महाविद्यालयात कोणती शाखा कोणत्या क्रमांकाला मिळाली, हे सर्वांसमोर ठरू लागले. रायचूर किंवा बीदरच्या गावातून आलेल्या वडिलांना संस्थाचालकाची ओळख काढावी लागली नाही. मुलीचा क्रमांक पुरेसा होता. दहावीपर्यंत ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी १५ टक्के, तर कन्नड माध्यमातून शिकलेल्यांसाठी ५ टक्के जागा राखण्यात आल्या. मातृभाषेतून शिकणे हे व्यावसायिक शिक्षणातील प्रवेशाच्या आड येऊ नये, उलट त्याची कदर व्हावी, हा विचार मराठी माध्यमाच्या शाळांनीही लक्षात घ्यावा असा आहे.

२००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यातील निकालाने १९९३ ची योजना मोडीत निघाली. खासगी संस्थांना अधिक स्वातंत्र्य मिळाले आणि फी पुन्हा वाढत गेली. इतिहास पुढे जातो तसा मागेही सरकतो. एका पिढीने रुंद केलेले दार पुढच्या पिढीत आपोआप तेवढेच रुंद राहील, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

नव्या अडचणी, जुने उत्तर

आज सोयी पुष्कळ आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या योजनेनुसार अभियांत्रिकी महाविद्यालयांत मंजूर जागांव्यतिरिक्त ५ टक्के जागा, वार्षिक आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क न घेता दिल्या जातात. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४ पासून पात्र उत्पन्नगटातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण माफी मिळते. प्रश्न असा की, ज्याच्या घरात आजवर कोणी महाविद्यालय पाहिलेले नाही, त्याला हे सांगायचे कोणी? कोणत्या तारखेला कोणता अर्ज, कोणत्या दाखल्याची मुदत संपली, कोणत्या महाविद्यालयाची फी परत मिळते, हे जाणणारे माणूस शेजारच्या घरात असेल तर काम होते. नसेल तर जागा असूनही वर्ष वाया जाते.

बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठात शिकलेले प्राध्यापक शमनाद बशीर यांनी हे ओळखले. विधि विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी, महागडे शिकवणीवर्ग आणि माहितीचा अभाव यांमुळे गरीब मुले बाहेर राहतात हे पाहून त्यांनी २०१० मध्ये ‘इडिया’ ही संस्था सुरू केली. विधि महाविद्यालयांतील विद्यार्थी गावोगावच्या शाळांत जातात, होतकरू मुले शोधतात, त्यांना प्रवेशपरीक्षेसाठी तयार करतात आणि प्रवेशानंतरही त्यांच्यामागे उभे राहतात. बशीर २०१९ साली अकाली गेले, पण त्यांची संस्था चालू आहे. सरकारी तरतूद आणि विद्यार्थी यांच्यामधील अंतर माणसांनीच भरून काढावे लागते, हे या कामातून दिसते.

मुद्देनहळ्ळीच्या मुलाला मामा होता. होसूरच्या मुलाला वसतिगृह मिळाले. त्यांच्या नंतरच्यांना कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाला सी. ई. टी.ची यादी, कुणाला एखादा मार्गदर्शक मिळाला. रक्ताच्या नात्याने जे काम होत असे, ते समाजाने टप्प्याटप्प्याने आपल्या अंगावर घेतले. जेथे त्याने ते घेतले तेथे गरीब घरातील मुले अभियंते, वैद्य, प्राध्यापक झाली. जेथे टाळले तेथे तितकीच हुशार मुले शेतावर आणि मजुरीला परत गेली. त्यांची नावे कोणत्याही स्मरणिकेत नाहीत.

साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेचे माजी विद्यार्थी बेंगळुरूपासून पुण्या-मुंबईपर्यंत अनेक शहरांत स्थिरावलेले असतात. यंदा दहावी-बारावी होणाऱ्या मुलांपैकी कित्येकांना त्या शहरांत ओळखीचे एकही माणूस नसते. प्रवेशाच्या दिवसांत उतरायला एक खोली, अर्ज भरताना शेजारी बसणारे कुणी, पहिल्या सहा महिन्यांच्या खाणावळीचा खर्च आणि इंग्रजी व्याख्यान कळले नाही तर निःसंकोच फोन करता येईल असा एक क्रमांक : एवढ्याने एखाद्या मुलाचे शिक्षण तरते. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. शहरात पोहोचलेल्या प्रत्येकाने मागून येणाऱ्या एकाचा मामा किंवा मावशी व्हायचे ठरवले, तर हीरकमहोत्सवानंतरच्या वर्षांत शाळेला आपल्या विद्यार्थ्यांसाठी यापेक्षा मोठी देणगी मागावी लागणार नाही.